कागदाचे शेजारी

समजा, तुमच्या हाती एक जुनी पावती लागली: ‘पीठ, चाळीस पोती, पोचली.’ कोणी पाठवलं, कोणासाठी, कशापायी? पावती काही सांगत नाही. पण ती दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीसमध्ये मदत पोचवणाऱ्या ‘अन्रा’ या संस्थेच्या फायलीत, मागण्यांच्या पत्रांमध्ये सापडली, तर तीच पावती उपाशी गावाची गोष्ट सांगू लागते. कागदाला अर्थ येतो तो शेजाऱ्यांमुळे.

म्हणून १८४१ साली फ्रान्समध्ये एक परिपत्रक निघालं. नातालिस द वायी या अधिकाऱ्याने त्यात सांगितलं, की एका घराण्याचे किंवा कचेरीचे कागद एकत्रच ठेवा, विषयवार फोडू नका. अशा सबंध संग्रहाला फ्रेंचमध्ये ‘फाँ’ म्हणतात. पेशवे दप्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे फार समजावून सांगायला नको. दप्तरात रुमाल, रुमालात पुडकी, पुडक्यात कागद. रुमाल सोडून कागदांची सरमिसळ केली, की कागद शाबूत राहूनही माहिती गेली!

आता ही एकात एक बसणारी रचना संगणकाला कशी शिकवायची? ग्रंथालयाची साधी यादी इथे तोकडी पडते, कारण तिच्यात प्रत्येक नोंद सुटी असते. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेने १९९४ मध्ये वर्णनाचं एक मानक प्रसिद्ध केलं. त्यात वर्णनाचे २६ घटक आहेत, पण बंधनकारक मोजकेच: संकेतांक, शीर्षक, निर्माता, काळ, आकारमान आणि ही नोंद कोणत्या पातळीची आहे ते. त्यातला एक नियम मला फार आवडतो. वरच्या पातळीवर जे एकदा लिहिलं, ते खाली पुन्हा लिहायचं नाही.

याच परिषदेच्या पुढाकाराने आणि युनेस्कोच्या मदतीने ‘ॲक्सेस टू मेमरी’ हे सॉफ्टवेअर तयार झालं. त्याचं लाडकं नाव ‘ॲटम’. पहिली बीटा आवृत्ती २००८ मध्ये क्वालालंपूरच्या अधिवेशनात आली. घडवणारी आर्टिफॅक्च्युअल ही छोटी कंपनी कॅनडातल्या न्यू वेस्टमिन्स्टरची. संयुक्त राष्ट्रसंघ आणि जागतिक बँक यांनी आपल्या अभिलेखांसाठी ते वापरलं आहे.

पडद्यावर नोंदीच्या बाजूला एक झाड दिसतं. फांदीवर क्लिक केलं की मालिका उघडते, तिच्यात फायली, फायलीत एकेक कागद. निर्मात्याचं नाव सर्वांत वर एकदाच भरायचं. खालच्या नोंदी ते वारशाने घेतात, वडिलांचं नाव मुलांना लागावं तसं. त्या निर्मात्याची स्वतःची नोंद वेगळी असते. त्याचे कागद दोन ठिकाणी विखुरलेले असले तरी दोन्हीकडून त्या एकाच नोंदीपाशी पोचता येतं. १८४१ चं ते परिपत्रक आज कोडच्या ओळींत नांदतं आहे, हे पाहून मी थक्क होतो.

आणि हे सगळं मुक्त स्रोत. कोणीही उतरवून घ्यावं, वाचावं, बदलावं. एखाद्या मोठ्या संस्थेने पैसे देऊन नवी सोय करून घेतली, की सहसा ती पुढच्या आवृत्तीत सर्वांनाच मिळते. जागतिक संस्थेची सोय छोट्या गावच्या संग्रहालाही. हा मोकळेपणा महत्त्वाचा, कारण पुराभिलेखागार शतकांचा हिशेब करतं, कंपन्या मात्र काही वर्षांत विकल्या जातात. सूची बंदिस्त कुलपात असेल, तर कंपनीबरोबर किल्लीही जाते. ॲटममधली सूची मात्र साध्या, खुल्या स्वरूपात बाहेर काढून दुसरीकडे नेता येते.

तुमच्या घरी आजोबांच्या कागदांची ट्रंक असेल, तर एक विनंती. गाठोडी सोडण्याआधी वही घ्या, आणि कोणता कागद कोणाबरोबर होता, तेवढं लिहून ठेवा.