डाग ओळखा, मगच औषध लावा

लोणावळा, कर्जत, अलिबाग या बाजूला बंगल्यांना आणि रिसॉर्टना पोहण्याचे तलाव झाले, तसे ते साफ करण्याचे काम आपल्या फरशीवाल्या, प्लंबर आणि रंगारी बांधवांकडे येऊ लागले. मशिदीतील वुजूचा हौद तर आपल्या घरचाच. काम चांगले आहे. परंतु त्यात एक वाईट सवय आढळते. डाग कसलाही असो, आधी ऍसिडचा कॅन उघडायचा!

डाग मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पाण्याच्या रेषेवरचा पांढरा, खरखरीत थर चुन्याचा. बोअरच्या जड पाण्याची वाफ होते आणि चुना मागे राहतो. त्यावर लिंबू पिळले की बुडबुडे येतात. कोपऱ्यातील हिरवा, बुळबुळीत डाग शेवाळाचा. थोडे क्लोरीन लागताच तो फिका पडतो. तांबूस डाग लोखंडाचा. क जीवनसत्त्वाची गोळी घासली की तो उजळतो.

शेवाळाला क्लोरीन आणि घासणे पुरेसे आहे. ब्रश नायलॉनचा वापरावा. लोखंडी ब्रशाच्या तारा तुटून तळाला राहतात, गंजतात आणि नवे डाग पाडतात.

चुन्याच्या थराला ऍसिड लागते, पण ते सौम्य करून. नेहमी पाण्यात ऍसिड ओतावे, ऍसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. थोड्या थोड्या भागावर लावून लगेच धुवावे आणि धुतलेल्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्याचा जोर मोडावा. ऍसिड सांध्यातील सिमेंटही खाते, हे विसरू नये. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे दगड तर मुळात चुन्याच्याच जातीचे. आमच्या पाहण्यातील एका मशिदीत शहाबादी हौदावर ऍसिड फिरवले गेले. डाग गेले, पण फरशीची झिलईही गेली आणि त्या खरखरीत फरशीवर शेवाळ पूर्वीपेक्षा लवकर धरू लागले. अशा दगडावर ब्रश, पाणी आणि सबुरी हेच औषध.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ब्लीचिंग पावडर आणि ऍसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने रिकाम्या तलावाच्या तळाशी साचतो, आणि कारागीर नेमका तिथेच वाकून बसलेला असतो. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवीत नाही. म्हणून दोन्ही कामे वेगवेगळ्या दिवशी करावीत, मध्ये तलाव भरपूर पाण्याने धुवावा आणि बादल्या-ब्रश वेगळे ठेवावेत. रबरी हातमोजे, बूट व चष्मा घालावा. एक माणूस कायम वर उभा असावा. हौदात मासे असतील तर ते आधी दुसरीकडे हलवावेत.

काम संपल्यावर मालकाला चार गोष्टी समजावून सांगाव्यात. पोहण्याच्या तलावाचा पीएच ७.२ ते ७.८ आणि क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम राहिले, तर डाग लवकर धरत नाहीत. ब्लीचिंग पावडरमध्ये स्वतःचाच चुना असतो. जड पाण्याच्या ठिकाणी पातळ क्लोरीन बरे.

सिमेंटमध्ये खोल मुरलेला डाग पूर्ण निघत नाही. हे पैसे ठरवण्यापूर्वीच सांगावे. एखादे काम हातचे जाईल. पण खरे बोलणाऱ्या कारागिराला पुढच्या वर्षी तोच मालक पुन्हा बोलावतो, आणि बरकत त्याच रोजीत असते.