कल्पित जगाची बांधणी (भाग ९) : परका कोण, हे ठरवतो कोण?

मागच्या भागात कल्पित गावाला नकाशा मिळाला. नदी, टेकडी, बाजार सगळे जागच्या जागी बसले. आता गावात संघर्ष हवा. नवा लेखक अशा वेळी हमखास एक युक्ती करतो. वेशीवर अनोळखी लोकांची टोळी आणून उभी करतो. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे, डोळ्यांत काहीतरी भयंकर. गाव घाबरते, काठ्या-कुऱ्हाडी निघतात आणि कादंबरी चालू लागते. मात्र ही टोळी लेखकाने भाड्याने आणली आहे, हे वाचकाला लवकरच कळते. तिला इतिहास नसतो, पोट नसते, आणि ज्या गावाला ती घाबरवते त्या गावालाही नसते.

परका कोण हे कसे ठरते, याचे उत्तर गोंदिया जिल्ह्यात सापडते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला टेकून आहे. मराठी, झाडीबोली, पोवारी, हिंदी, छत्तीसगडी आणि गोंडी इथे एकाच बाजारात ऐकू येतात. १९५६पर्यंत हा सारा मुलूख मध्य प्रदेशातच होता. म्हणजे आज ज्याला परराज्य म्हणतात, ते इथल्या आजोबांचे स्वतःचे राज्य होते.

मग इथला कोण आणि बाहेरचा कोण? गोंडांचे राज्य जुने. तलाव बांधण्यात वाकबगार असलेला कोहळी समाज गोंड राजाने काशीकडून आणला, अशी परंपरागत कथा आहे. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. पोवार आपले मूळ माळव्यातल्या धारमध्ये सांगतात, ते नगरधनमार्गे वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले. रेल्वे आली तशी व्यापाऱ्यांची घरे वाढली. पूर्व पाकिस्तानातून परागंदा झालेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती अर्जुनी मोरगाव तालुक्यात वसल्या. त्याच तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात, १९७२मध्ये नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. ज्याच्याकडे आज 'मूळचा' म्हणून पाहिले जाते, तो बहुधा कालचा आलेला असतो.

कचारगडला तर हा प्रश्न पार उलटा होतो. सालेकसा तालुक्यातल्या या गुहेत कोंडलेल्या मुलांची गोंडांचा आदिगुरू पारी कुपार लिंगो याने सुटका केली, असे गोंडी पुराकथा सांगते. माघ पौर्णिमेच्या यात्रेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा इथून गोंड समाज लोटतो. तालुक्याच्या हिशेबाने ही सारी परप्रांतीय माणसे, त्यांच्या हिशेबाने ती स्वतःच्या मूळस्थानी आलेली. एवढा एक प्रसंग नीट समजला, तरी कादंबरीकाराला दोन-तीन प्रकरणांचा ऐवज मिळावा.

तात्पर्य, कल्पित जगात परका आणायच्या आधी गावकऱ्यांची वंशावळ लिहावी लागते. कोण केव्हा आले, येताना काय घेऊन आले, कोणाला सुपीक जमीन मिळाली आणि कोणाला पाटाच्या शेवटच्या टोकाची.

एच. जी. वेल्सने १८९८च्या आपल्या मंगळवासीयांच्या कादंबरीत हे नेमके साधले. त्याचे मंगळवासी दुष्टपणाची हौस म्हणून पृथ्वीवर उतरत नाहीत. त्यांचा ग्रह थंड पडत चालला आहे. पहिल्याच प्रकरणात वेल्स युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचा जो नायनाट केला, त्याची आठवण करून देतो. लंडनच्या वाचकाला वाटणारी परक्याची भीती ही त्याच्याच साम्राज्याने जगाला दाखवलेली भीती होती. यंत्रे आणि किरणे हा नंतरचा साज.

भीती पेटते कशी, हे शिकायला मात्र फार दूर जावे लागत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढा भागातून भिक्षुकीसाठी फिरत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजातले काही जण तिथे उतरले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश आणि चित्रफिती त्या काळात मोबाईलवरून पसरत होत्या. या गोसाव्यांपैकी एकाने एका मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केल्याचा संशय आला आणि जमाव जमला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाच जणांना ठार मारण्यात आले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी जास्तीत जास्त पाच चॅटमध्येच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली.

लेखकाने इथे थांबून पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. डवरी गोसावी महाराष्ट्राला कधीच अनोळखी नव्हते. भगवी वस्त्रे, हातात डमरू, दारात नाथांचे गाणे: गावगाड्यात त्यांची जागा ठरलेली होती आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला कोणाला किती पीठ घालायचे हे माहीत होते. ती ओळख विसरली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या येणारा माणूस एका दुपारी परका ठरला. कल्पित जगात हे जास्त भेदक ठरते. समुद्रापलीकडून आलेल्या राक्षसापेक्षा, कालपर्यंत ओसरीवर बसणारा आणि आज कोणालाच न आठवणारा माणूस कथेला अधिक खोल नेतो.

रॉड सर्लिंगने १९६०मध्ये 'ट्वायलाइट झोन' या अमेरिकी मालिकेत मेपल स्ट्रीटची गोष्ट सांगितली. एका गल्लीतली वीज जाते, परग्रहवासी आपल्यातच लपले आहेत अशी कुजबुज सुरू होते आणि शेजारी शेजाऱ्यावर उठतात. परग्रहवासी त्या कथेत खरोखर आहेत, पण दुरून मजा बघत. त्यांना फक्त दिवे घालवायचे असतात.

भीतीला पुढे दप्तरही मिळते. इंग्रज सरकारने १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या; त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, गाव सोडताना परवाना लागे. १९५२मध्ये तो कायदा गेला, संशय राहिला. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे आत्मकथन त्याच संशयाच्या आतून लिहिलेले आहे. कल्पित राज्यात भिंत, तोफा आणि पहारेकरी सगळेच दाखवतात. एक हजेरीचे रजिस्टर आणि ते कंटाळून भरणारा कारकून दाखवला, तर ते राज्य खरे वाटू लागते.

उलट बाजूने, व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) परका हाच कथा सांगतो. धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराला गाव आधी जोखते, मग हळूहळू आपलेसे करते. तिथे हाणामारी जवळपास नाही, तरी पाने सुटत नाहीत.

आता हे सारे आपल्या नकाशावर उतरवू. एक मामा तलाव घ्या, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. १९५१मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारी झाले आणि पाण्याचा निवाडा करणारा माणूस बदलला. पाळ बांधणाऱ्यांचे वंशज वरच्या अंगाला राहतात, नंतर वसवलेले लोक पाटाच्या टोकाला. पाऊस ओढ देतो. धान पोटरीवर आलेला असताना एका रात्री कोणीतरी तुडूम, म्हणजे तलावाचे पाणी सोडण्याचे तोंड, उघडते. संशय टोकाच्या वस्तीवर. त्यांची शेते सकाळी कोरडीठाक आहेत, हे सगळ्यांना दिसते, तरी संशय हलत नाही. पाणी कुठे मुरले हे ठाऊक असलेला एकच माणूस आहे: तुडूम सांभाळणारा. ते शेत त्याच्या जावयाचे.

या कथानकात राक्षस नाही, टोळी नाही, आणि गावाबाहेरून कोणी आलेलेही नाही. पण धानाचा हंगाम आटोपल्यावर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर रात्रभर नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकापुढे ते उभे करायचे असेल, तर पाण्याचे गणित अचूक हवे. तिथे बसलेला प्रत्येक जण ते लेखकापेक्षा चांगले जाणतो.

ज्यांनी आपले कल्पित गाव आतापर्यंत वाढवत आणले आहे, त्यांनी या आठवड्यात तुडूम सांभाळणाऱ्याच्या तोंडून पंचायतीपुढची साक्ष लिहून पाहावी. तो काय सांगतो यापेक्षा काय गाळतो, याकडे लक्ष द्यावे. पुढच्या भागात बोलू कल्पित जगातल्या बाजाराबद्दल, म्हणजे तिथे कशाला किती किंमत आणि ती मोजतो कोण.