पातळ लॅपटॉप उघडताना: रॅम, बॅटरी आणि थोडी रुई

एपिसोड ऐकायला नेट पुरलं नाही, त्यांच्यासाठी हा मजकूर.

मागच्या रविवारी माझा मावसभाऊ दारव्ह्याहून यवतमाळला आला. बॅगेत डेलचा लॅटिट्यूड ७४९०, नागपूरच्या सीताबर्डीतून घेतलेला सेकंडहँड. म्हणाला, "दादा, अँड्रॉइड स्टुडिओ उघडला का हा हँग होते. दुसरा घ्या लागते काय?" आता कापसाच्या पैशातून घेतलेला लॅपटॉप, मावशीला दुसऱ्यासाठी कुठून मागणार?

स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी आम्ही टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे 'स्लॉट्स यूज्ड' समोर दिसलं, दोनपैकी एक. म्हणजे ८ जीबीची एकच पट्टी, शेजारची जागा रिकामी! सेकंडहँड घेताना दुकानातच हे बघा. तिथेच 'फॉर्म फॅक्टर' समोर 'रो ऑफ चिप्स' असं दिसलं तर रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे. थिंकपॅड एक्स १ कार्बन किंवा एक्स २८० मध्ये तसंच असतं. मस्त हलके लॅपटॉप आहेत, पण रॅम पहिल्या दिवशी जेवढी तेवढीच शेवटपर्यंत. ७४९० मध्ये मात्र डीडीआर-४ चे दोन स्लॉट आहेत, ३२ जीबीपर्यंत जाता येतं.

मग उघडला. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला. याच्या खालच्या झाकणाचे स्क्रू सैल होतात पण निघून पडत नाहीत, त्यामुळे हरवायची भीती नाही. झाकण मात्र क्लिपांनी धरलेलं असतं. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून हळूहळू सरकवा. मी कॉलेजात असताना माझ्याच लॅपटॉपला पेचकस घालून दोन क्लिपा तोडल्या होत्या, झाकण आजही करकरतं. आत पहिलं काम बॅटरीची केबल काढणं, बाकी सगळं नंतर. आणि बॅटरी फुगलेली दिसली, किंवा टचपॅड वर उचललेला वाटला, तर घरी हात लावू नका. दाबायची नाही, टोचायची नाही, दुकानात न्यायची.

खरी गंमत पंख्यात निघाली. रुई! यांच्या घरी कापूस खोलीत भरून ठेवतात आणि हा तिथेच गादीवर लॅपटॉप ठेवून अभ्यास करतो. हवा अडली की प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने साफ केला.

एसएसडी एम.२ प्रकारची आहे, बदलता येते. पण २५६ जीबीत अजून निम्मी जागा होती, म्हणून तिला हात लावला नाही. बदलणार असाल तर आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा.

बॅटरीवर आमचा वाद झाला. नवी असताना ६० वॉट-अवर, आता रिपोर्टमध्ये ३७. गावात लाईट जाते म्हणून त्याला आधी बॅटरीच हवी होती. माझं मत, आधी रॅम. लाईट गेली तर थांबता येतं, पण प्रोजेक्ट चालतच नसेल तर लाईट असून काय करणार?

एक गोष्ट मात्र त्याच्या नशिबाने जुळली. त्याच्या ७४९० मध्ये आठव्या पिढीचा प्रोसेसर आहे, त्यामुळे विंडोज ११ चालतं. दिसायला तसाच असलेला ७४८० घेतला असता तर सहावी-सातवी पिढी, आणि विंडोज १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला.

८ जीबीची दुसरी पट्टी बसवली. एमुलेटर चालू झाला तसा पठ्ठ्या चहा सोडून कोडिंगला बसला. बॅटरी पुढच्या सेमिस्टरला. तोवर लॅपटॉप गादीवर नाही, पाटावर.