पेटीतील साक्षीदार : मैत्रिणींच्या न्यायाच्या विनोदी कथा

प्रौढ वयाच्या दोन-चार मैत्रिणींवर अन्याय होतो, त्याची दाद कोठेच लागत नाही, तेव्हा त्या स्वतःच निवाडा करतात आणि तो निवाडा वाचकाला हसवतो, असा एक कथाप्रकार जागतिक साहित्यात जुना आहे. मराठी विनोदात मात्र बायकांचे एकत्र येणे हाच पुष्कळदा हास्याचा विषय झालेला दिसतो. महिला मंडळाची सभा रंगवली जाते ती तिच्यात निष्पन्न काही होत नाही हे दाखवण्यासाठी. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड' (१९०७) या नाटकातही प्रमिलेचे स्त्रीराज्य शेवटी अर्जुनाशी होणाऱ्या विवाहात विरून जाते. हसू बायकांवर आहे की बायकांकडून आहे, हा या प्रकाराच्या विवेचनातील पहिला प्रश्न होय.

शेक्सपिअरच्या 'द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर' (प्रथम मुद्रण १६०२) या नाटकाने या प्रकाराचा नमुना घालून दिला. फॉल्स्टाफ हा कफल्लक सरदार दोन सुखवस्तू गृहिणींना प्रेमपत्रे पाठवतो. मिसेस पेज व मिसेस फोर्ड ती शेजारी शेजारी धरतात, तेव्हा नाव तेवढे बदललेले आढळते. एकटीला आलेले पत्र म्हणजे बदनामीची भीती. दोघींनी ताडून पाहिलेले पत्र म्हणजे पुरावा. पुढे फॉल्स्टाफला मळक्या कपड्यांच्या टोपलीतून थेम्सकाठच्या खंदकात टाकले जाते, नंतर म्हाताऱ्या बाईच्या वेषात तो मार खातो. त्या दोघी पोरसवदा नव्हेत. मिसेस पेजची मुलगी लग्नाची आहे. घर, गडीमाणसे, धुण्याची टोपली ही सर्व त्यांच्या हुकमतीतील. या कथेला प्रौढ वय का लागते, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

परंतु या नमुन्यासाठी विंडसरला जाण्याचे खरोखरच कारण नाही. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस पैठण आहे. 'बृहत्कथे'चा कर्ता गुणाढ्य याच प्रतिष्ठान नगरीत सातवाहनाच्या दरबारी होता, अशी परंपरा आहे. मूळ पैशाची ग्रंथ लुप्त झाला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त त्यातील कथा संस्कृतात उतरल्या. त्यातील उपकोशेची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ती घडते पाटलिपुत्रात. वररुची तपश्चर्येला हिमालयात जातो. जाताना हिरण्यगुप्त नावाच्या वाण्याकडे पैशांची ठेव ठेवतो. मागे राहिलेल्या उपकोशेवर राजकुमाराचा सचिव, राजपुरोहित आणि नगराचा दंडाधिकारी या तिघांची नजर जाते. ठेवीचे पैसे मागितल्यावर हिरण्यगुप्तही तीच किंमत सांगतो. ठेवीला साक्षीदार नाही, हे उपकोशेला पक्के ठाऊक आहे.

ती चौघांनाही वसंतोत्सवाच्या एकाच रात्रीची वेळ देते, प्रत्येकाला निरनिराळ्या प्रहराची. दासी तेलात काजळ व कस्तुरी कालवून ठेवतात. पहिला येतो, अंधारात स्नानाच्या निमित्ताने त्याला हे लेपन होते आणि अंगावर चिंधी उरते. इतक्यात दुसरा येतो, म्हणून पहिल्याने लपायचे ते मोठ्या पेटीत. तिघे असे आत गेल्यावर बाहेरून कडी. वाण्याला मात्र ती पेटीसमोर उभे करून ठेवीचे पैसे देण्याचे मोठ्याने कबूल करायला लावते आणि मग पेटीकडे वळून देवांना ते ऐकून ठेवायला सांगते. पहाटे काजळाने माखलेला वाणी रस्त्यावर येतो, तेव्हा कुत्री त्याच्यामागे लागतात.

एवढ्यावर कथा थांबली असती तर ती फजितीची गोष्ट झाली असती. उपकोशा सकाळी राजा नंदाकडे फिर्याद नेते. वाणी ठेव नाकबूल करतो. आपले गृहदेव साक्षीला आहेत, असे सांगून ती पेटी आणवते. राजाच्या धाकाने म्हणा, आत जळण्याच्या भीतीने म्हणा, पेटी बोलते. ठेव परत मिळते आणि पेटी उघडल्यावर तिघांना देशोधडीला लावले जाते. ज्या दंडाधिकाऱ्याने फिर्याद ऐकायची तोच पेटीत कोंडलेला असावा, ही योजना कथाकाराने समजून केलेली आहे. उपकोशा कायदा मोडत नाही. कायद्याने तिच्याकडे जो साक्षीदार मागितला असता तो ती घरच्या काजळातून निर्माण करते. तिला त्यात हात देणाऱ्या दासी आहेत, सख्या नव्हेत, आणि ती तरुण आहे. एवढा फरक मान्य करूनही या प्रकाराचे मर्म येथे पूर्णपणे उतरलेले आहे.

त्याच पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) रचलेल्या रोडग्याच्या भारुडात उलट स्थिती दिसते. जाचलेली सून भवानीला नवस बोलते आणि सासरा, सासू, जाऊ, नणंदेचे पोर, नवरा अशी एकेकाची वासलात मागते. श्रोते हसतात, मग ही नाती म्हणजे जीवाला जखडणारे विकार, असा अध्यात्मपर अर्थ लावला जातो. तो अर्थ बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. जी सहज साथीदार झाली असती ती जाऊसुद्धा या यादीत शत्रू म्हणून आहे. एकत्र कुटुंबातील सुनेला मैत्रीण नसते, माहेरच्या सख्या मागे राहतात, म्हणून तिची फिर्याद देवीपाशीच थांबते. मैत्रीण मिळते ती शेजारात, नळावर, पुढे भिशीत. आणि तीही संसार जुना झाल्यावर.

प्रत्यक्षात ही मैत्री रस्त्यावर आली ती महागाईच्या आंदोलनात. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आदींच्या पुढाकाराने स्त्रियांची संयुक्त आघाडी उभी राहिली. तिच्या मोर्च्यांतील लाटणे आणि थाळी ही विनोदी नाटकातील सामग्री वाटावी इतकी घरगुती होती. दारिओ फो यांच्या 'नॉन सी पागा! नॉन सी पागा!' (१९७४) या इटालियन प्रहसनात वाढीव किमतींनी चिडलेल्या बायका दुकानातील माल पैसे न देता उचलून नेतात आणि अंतोनियाची मैत्रीण तो पोटाशी लपवल्यामुळे गरोदर ठरते. मुंबईच्या त्या लाटण्यांना मात्र अशा तोलामोलाचे मराठी प्रहसन लाभल्याचे दिसत नाही. अलीकडच्या 'झिम्मा' (२०२१) व 'बाईपण भारी देवा' (२०२३) या चित्रपटांत प्रौढ स्त्रिया एकत्र येतात, मोकळ्या होतात. पण निवाडा कोणाचा करत नाहीत.

या प्रकाराची सीमाही महाराष्ट्रातच दिसली. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात कस्तुरबानगरच्या स्त्रियांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार मारले. वर्षानुवर्षे त्यांच्या तक्रारींची दखल घेतली गेली नव्हती, असे त्या वस्तीचे म्हणणे होते. उपकोशेने साक्ष जमवून राजसभेत नेली; येथे राजसभेवरचा विश्वासच संपला होता. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. या घटनेवरून प्रेरित '२०० हल्ला हो' (२०२१) हा हिंदी चित्रपट गंभीर आहे, आणि ते स्वाभाविक आहे.