बुद्धिबळपटूची स्मरणशक्ती

डाव हरलात, की 'आपल्याला तेवढी बुद्धीच नाही' असे तुम्हांला वाटते का? मग हा प्रयोग वाचा.

१९७३ साली विल्यम चेस व हर्बर्ट सायमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी खऱ्या डावांतील स्थिती खेळाडूंना फक्त ५ सेकंद दाखविल्या व आठवून मांडावयास सांगितल्या. निष्णात खेळाडूने सरासरीने सुमारे १६ सोंगट्या अचूक मांडल्या; नवशिक्याने अवघ्या ४. मग त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या. आता निष्णात खेळाडूही नवशिक्याप्रमाणेच अडखळला!

असे का व्हावे? 'पाऊस' हा शब्द तुम्ही एकदम वाचता. अक्षरे जुळवीत बसत नाही. तसाच तोही किल्लेकोटातील राजा, त्यापुढील तीन प्यादी आणि शेजारचा हत्ती हा सारा गट एका नजरेत ओळखतो. विखुरलेल्या सोंगट्यांत असे 'शब्द'च नसतात.

ही ओळख जन्मतः येत नाही, सरावाने होते. म्हणून प्रत्येक डाव लिहून ठेवा. हरलेला डाव दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडा आणि पहिली चूक शोधा. तिथे कोणती खेळी हवी होती, ते शिक्षकांशी बोला. तीच स्थिती पुन्हा पटावर आली, तर तुम्ही तिला ओळखाल.