शांततेचा ठराव: कागद कोणाला बांधतो?

आपल्या नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने शांततेच्या बाजूने अधिकृत ठराव करावा, ही मागणी घेऊन फिरणारे स्वयंसेवक अनेकांना भाबडे वाटतात. मला ते तसे वाटत नाहीत. मँचेस्टरच्या नगर परिषदेने नोव्हेंबर 1980 मध्ये शहर अण्वस्त्रमुक्त घोषित केले, 1982 मध्ये हिरोशिमाच्या महापौरांनी जगभरातल्या शहरांना शांततेसाठी एकत्र येण्याची हाक दिली आणि आज हजारो शहरे त्या हाकेतून उभ्या राहिलेल्या संघटनेत आहेत. महाराष्ट्राचा प्रयोग मात्र याहून जमिनीला धरून होता. 15 ऑगस्ट 2007 रोजी आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची, दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर तंट्यांची नोंदवही ठेवायची, समोरासमोर बसवून तडजोड लिहून घ्यायची आणि मूल्यमापनात उतरलेल्या गावाला शासनाने तंटामुक्त घोषित करून लोकसंख्येप्रमाणे लाखांचा पुरस्कार द्यायचा. धुऱ्यावरून भाऊबंदकी पेटते आणि पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाचे हेलपाटे सुरू राहतात, हे परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. समितीवरच्या माणसांनी पदरमोड करून असे तंटे मिटवले असतील, तर ते मोठेच काम आहे.

पण या मोहिमेची मोजपट्टीच तिची मर्यादा ठरली, असे माझे मत आहे. मिटलेल्या तंट्यांना गुण मिळू लागले की तक्रार न होणे हेच शांततेचे लक्षण वाटू लागते. मग मार खाणाऱ्या बाईला किंवा जातीवरून अपमान झालेल्या माणसाला ‘गावाचं नाव जाईल, मिटवून घ्या’ असे सांगणे सोपे होते. याउलट जानेवारी 2023 ची सलोखा योजना पाहा. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा प्रकार किमान 12 वर्षे चालत आला असेल, तर 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त करता येतो. इथे सलोख्याची शपथ कोणी घेत नाही. सातबारा बदलतो आणि भांडणाचे कारणच उरत नाही.

शहराला हाच न्याय लावायला हवा. परभणीत 10 डिसेंबर 2024 रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि 15 डिसेंबरला कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळायला जुलै 2025 उजाडला. तो उच्च न्यायालयाने दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. अशा शहरात नुसते शांततेचे आवाहन करणारा ठराव पीडितांना गप्प बसवणारा वाटेल, आणि त्यांचे चुकणार नाही. कायदा-सुव्यवस्था पोलिसांची, महापालिकेचा काय संबंध, असा आक्षेप येतो. पण पुतळ्यांच्या परिसराची देखभाल, दिवाबत्ती, फलकांची परवानगी या गोष्टी पोलीस ठाण्यातून होत नाहीत. ठरावात ही कामे, त्यांचा जबाबदार अधिकारी आणि सभेपुढे अहवाल ठेवण्याची मुदत आली, तर नागरिकांना जाब विचारता येईल. चौकशी आणि न्याय यांची जागा हा ठराव घेणार नाही, हेही त्यातच लिहिलेले असावे.

याहून गंभीर आक्षेप म्हणजे ठरावाची ताकद द्वेषाच्याही हाती जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने फेब्रुवारी 2025 मध्ये कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना मज्जाव करणारा ठराव केला. गटविकास अधिकाऱ्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. बहुमत झाले म्हणजे शांतता झाली, असे नाही. पण म्हणून ग्रामसभेचे मैदान सोडून देणे मला पटत नाही, कारण ते मोकळे राहत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्यात 2016 चा कायदा आहे; शांततेच्या मसुद्यात त्याचा स्पष्ट उल्लेख हवा. शिवाय नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. स्वयंसेवकांनी मसुदा आधी तिथे वाचावा, बायकांच्या आणि गावात संख्येने थोड्या असलेल्यांच्या हरकती इतिवृत्तात लिहून घ्याव्यात आणि मगच तो मताला टाकण्याचा आग्रह धरावा.