तिवरांचे रान

तिवरांच्या रानात काय आहे? चिखल आणि डास, असे आमच्या खाडीकाठी कोणीही सांगेल. आजीच्या लेखी तिवर म्हणजे सरपण. कॉलेजात आलेला घरातला मी पहिलाच. वर्गात 'मॅनग्रोव्ह' हा शब्द ऐकला, तेव्हा ते आपले तिवरच, हे कळायला दोन दिवस लागले!

हे झाड मोठे हिकमती. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते. म्हणून तिवराची मुळे उलटी वर येतात. चिखलात पेन्सिली रोवाव्यात तशी ती दिसतात आणि त्यांतून झाड श्वास घेते. जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. पान चाटून पाहावे, खारट लागते. कांदळाची तऱ्हा आणखी न्यारी. त्याचे बी झाडावरच रुजते, शेंगेसारखे लोंबते आणि खाली पडून चिखलात रुतते.

मुळांच्या या जाळीत लाट मोडते, गाळ थांबतो. निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबीची पिल्ले तेथेच वाढतात. गळलेली पाने आणि मुळे हवेवाचून लवकर कुजत नाहीत. त्यांतला कार्बन शेकडो वर्षे गाळात राहतो. रान तोडून चिखल उपसला की तोच वायुरूपाने हवेत जातो आणि उष्मा वाढवतो. १९९९ साली ओरिसात महावादळ झाले. केंद्रापाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे कांदळवनाचा रुंद पट्टा होता, तेथे माणसे कमी दगावली, असे अभ्यासकांना आढळले.

आमच्या रायगडात खाडीकाठची भातशेती खारबांधाच्या भरवशावर आहे. बांधापुढे तिवर असले की उधाणाचा मार थेट बांधावर बसत नाही. पण बांध फुटून तसाच राहिला, तर खाऱ्या पाण्याबरोबर बीही आत येते आणि शेतातच रान माजते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवने तोडण्यास बंदी केली, ती माझ्या मते योग्यच. मात्र शेतात उगवलेल्या तिवरालाही मग हात लावता येत नाही. आमचा अर्धा एकर असाच गेला. सातबाऱ्यावर भात, जागेवर रान!

वडिलांचा राग तिवरावर नाही. बांधाबाहेरच्या झाडांना ते आजही कोणाला कोयता लावू देत नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच, की फुटलेला बांध त्याच वर्षी दुरुस्त झाला असता, तर तिवर बाहेर राहिले असते आणि भात आत.